मेडिकलला बाद होणारी पोरं: गावातच आधी तपासणी घ्यायची तर काय काय तपासावं?

कडोलीकर
नमस्कार मंडळी. आमच्या बेळगाव भागातली पोरं सैन्यभरतीसाठी अंधारात उठून दौड मारतात, बीम (पुलअप्स) मारतात, सीईईसाठी, म्हणजे भरतीच्या लेखी परीक्षेसाठी, रात्री अभ्यास करतात. लेखी निघते, ग्राउंड निघतं आणि मेडिकलला नाव कटतं. कारणं बघा: कानात मळ, जांघेत नायटा, किडलेल्या दाढा, अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा. यातलं बरंचसं सहा महिने आधी कळलं असतं तर दुरुस्त झालं असतं, आणि जे दुरुस्त होणारं नाही ते कळलं असतं तर पोरानं दुसरी वाट धरली असती.

आमच्या मंडळाला यंदा भरतीच्या पोरांसाठी तपासणी शिबिर घ्यायचं आहे. सतरा ते वीस वयाची मुलं, दहावी-बारावी झालेली. नेमकं काय तपासावं, कुणाकडून आणि कधी? जाणकारांनी सविस्तर सांगावं. खानापूर, निपाणी, बिदर-भालकीकडच्या मंडळांनाही उपयोग होईल.

एएमसी_निवृत्त
चांगलं काम काढलंत. आधी निकष डोळ्यासमोर ठेवा, जाहिरातीत ते स्पष्ट छापलेले असतात. जनरल ड्युटीच्या पदासाठी कर्नाटकातल्या मुलाला उंची १६६ सेंमी. छाती ७७ सेंमी आणि फुगवल्यावर किमान ५ सेंमी वाढ. प्रत्येक डोळ्यानं दूरचं ६/६. रंगदृष्टी सीपी-३ (रंग ओळखण्याची ठरलेली श्रेणी). दातांचे किमान १४ गुण. दोन्ही कान नॉर्मल. हाडांचा दोष, हायड्रोसील (अंडकोषाभोवती साठलेलं पाणी), व्हेरिकोसील (अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा), मूळव्याध नको. वजन उंचीच्या आणि वयाच्या प्रमाणात.

मोजमापात गावाकडे फार चुका होतात. उंची अनवाणी, टाचा जुळवून, नजर समोर ठेवून मोजायची. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळी सेंटीमीटरभर कमी भरते, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात. १६६.५ असलेल्या पोरानं उन्हात दिवसभर रांगेत उभं राहू नये, बसून घ्यावं. छातीचा टेप मागं खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाला आणि पुढं स्तनाग्राच्या रेषेला लागला पाहिजे, हात खाली सोडलेले. टेप मागं वर सरकला की आकडा चुकतो. फुगवण कमी पडणाऱ्या मुलाची बहुधा श्वासाची पद्धत चुकलेली असते. तो पोट फुगवतो, बरगड्या उचलत नाही. रोज पंधरा मिनिटं बरगड्या उघडून श्वास घेण्याचा सराव केला तर दोनेक महिन्यांत फरक पडतो.

तिलकवाडीकर
एक प्रश्न. चंदगड, गडहिंग्लजची पोरं म्हणतात, महाराष्ट्रात १६८ लागते आणि इकडे १६६. खरं काय?

एएमसी_निवृत्त
खरं आहे. महाराष्ट्र मध्य विभागात धरलाय, त्याला १६८. कर्नाटक, गोवा, आंध्र, तेलंगण, तमिळनाडू, केरळ हा दक्षिण विभाग, त्याला १६६. चंदगडचा मुलगा कोल्हापूरच्या एआरओकडे (सैन्यभरती कार्यालयाकडे) जातो, बेळगुंदीचा बेळगावच्या. दोन्ही गावं जवळ, भाषा एकच, पण निकष रहिवासावर ठरतो.

निपाणीकर
मग मामाच्या पत्त्यावर बेळगावचा दाखला काढला तर?

एएमसी_निवृत्त
अजिबात नको. कागदपत्रांची पडताळणी नंतरही होते आणि खोटा दाखला निघाला तर ट्रेनिंगमधून घरी पाठवतात, वर गुन्हा वेगळा. दोन सेंटीमीटरसाठी पोराचं आयुष्य अडकवू नका. जवानाच्या किंवा माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत २ सेंमी, छातीत १ सेंमी, वजनात २ किलो सूट असते. ती हक्काची आहे, ती मागा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून आहे, त्यामुळं इकडे बऱ्याच घरांत कुणी ना कुणी पलटणीत असतो. पण रिलेशनचा (नात्याचा) दाखला वेळेत आणायचं लक्षात राहत नाही.

दंतवैद्य_वडगाव
दातांचे गुण म्हणजे काय ते घरी कुणालाच माहीत नसतं, म्हणून मांडते.

दात एकेकटा मोजत नाहीत, जोडीनं मोजतात. वरचा दात खालच्या जोडीदाराला नीट भेटला तर गुण. पुढचे दात, सुळे आणि उपदाढा यांच्या प्रत्येक जोडीला १ गुण, अशा १० जोड्या म्हणजे १० गुण. पहिल्या आणि दुसऱ्या दाढांच्या ४ जोड्या, प्रत्येकी २, म्हणजे ८. अक्कलदाढा पूर्ण आलेल्या असतील तर आणखी ४. एकूण २२.

अठरा वर्षांच्या मुलाच्या अक्कलदाढा सहसा आलेल्या नसतात. म्हणजे तो १८ वरच सुरू होतो. आता खालची उजवी पहिली दाढ लहानपणी काढलेली आहे, २ गेले. वरची डावी काढलेली आहे, आणखी २ गेले. राहिले १४, अगदी काठावर. एक उपदाढ गेली की बाद. म्हणून किडलेली दाढ दिसली की उपटून टाकू नका, भरून किंवा रूट कॅनालनं वाचते का ते आधी विचारा. कवळीच्या दाताला गुण नाहीत.

आणि गुटखा. तोंड उघडून तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. गुटख्यानं गालाच्या आतलं अस्तर ताठ होतं, तोंड उघडेनासं होतं. लवकर सोडलं तर तिथंच थांबतं, उशीर झाला तर परत येत नाही. शिबिरात हे प्रत्येक मुलाचं बघा, लाजेपोटी कुणी आपणहून सांगणार नाही.

यल्लूर_ग्राउंड
मी पोरांचा सराव घेतो. शिबिराला विरोध नाही, पण एक धोका सांगतो. गावातला डॉक्टर तपासतो आणि "फिट आहेस" म्हणतो. पोरगा खूश. भरतीच्या रॅलीत बाद झाला की शिव्या मंडळाला. आर्मीचा डॉक्टर वेगळ्या नजरेनं बघतो. कोपराचा बाक, ताठ सपाट पाऊल, बोटं मागं जास्त वळणं, तळहाताला सतत घाम, हे साध्या ओपीडीत कुणी बघत नाही. अर्धवट तपासणीपेक्षा नसलेली बरी.

डॉ_खानापूर
@यल्लूर_ग्राउंड तुमचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष पटला नाही. उपाय सोपा आहे. कागदावर "फिट" किंवा "अनफिट" लिहायचंच नाही. मोजमाप लिहायचं. "नॉक नी (गुडघे आत वळलेले): घोट्यांमधलं अंतर ४ सेंमी." "उजवा डोळा ६/९." "डावीकडे शिरा फुगलेल्या, उभ्यानं खोकल्यावर लागतात." मुलगा तो कागद घेऊन योग्य तज्ज्ञाकडे जाईल. फिट ठरवण्याचा अधिकार सैन्याच्या मेडिकल बोर्डाचा, आपला नाही.

आता मुख्य गोष्टी.

व्हेरिकोसील: झोपवून तपासलं तर शिरा रिकाम्या होतात आणि सापडत नाही. मुलाला उभं करा, श्वास रोखून कळ द्यायला लावा, मग हाताला लागतं. बहुतेक वेळा डाव्या बाजूला असतं, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि तिथं दाब जास्त राहतो. हायड्रोसील अंधाऱ्या खोलीत टॉर्च मागून लावून बघा, पाणी असेल तर लालसर उजेड पार दिसतो.

नॉक नी: पाय सरळ, गुडघ्याच्या वाट्या समोर, गुडघे नुसते टेकलेले. पोरं एक गुडघा दुसऱ्याच्या मागं सरकवून घोटे जुळवतात, तपासणारा ते लगेच ओळखतो. घोट्याच्या आतल्या हाडांमधलं अंतर ५ सेंमीच्या आत हवं.

सपाट तळवा: ओलं पाऊल शहाबादी फरशीवर उमटवा. मधली कड पूर्ण भरून उमटली तर चवड्यावर उभं करा. चवड्यावर कमान परत दिसली, पाऊल लवचिक असलं आणि धावताना दुखत नसलं तर सहसा अडचण येत नाही. कमान उठलीच नाही तर मात्र ते ताठ सपाट पाऊल, त्यावर इलाज नाही.

रक्तदाब: १४०/९० च्या वर सातत्यानं राहिला तर बाद. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नका. पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून, तीन वेगळ्या दिवशी घ्या. दौड मारून आल्या आल्या घेतलेला आकडा निरर्थक.

यल्लूर_ग्राउंड
मोजमाप लिहायची कल्पना मान्य. पण नॉक नी व्यायामानं जातं, एवढं तरी सांगा डॉक्टर. गुडघ्यात उशी धरून बसायचा व्यायाम सगळेच देतात.

डॉ_खानापूर
नाही जात. हाडांच्या वाढीच्या चकत्या बंद झाल्या की कोन व्यायामानं बदलत नाही. मांड्यांवर चरबी असेल तर गुडघे लवकर टेकतात आणि अंतर जास्त दिसतं. तेवढं वजन उतरवून सुधारतं. म्हणून ६ सेंमीवाल्या जाड मुलाला आशा आहे, ६ सेंमीवाल्या काटक मुलाला नाही. त्याला उशीचा व्यायाम वर्षभर करायला लावणं म्हणजे त्याचं वर्ष घालवणं. बारा-तेरा वर्षांचं मूल असेल तर मात्र हाडांच्या डॉक्टरला जरूर दाखवा, तेव्हा करण्यासारखं असतं.

राजहंसगड
हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवंच होतं. धन्यवाद डॉक्टर.

चष्मा_शहापूर
डोळ्यांचं घरी कसं बघायचं ते सांगतो. ६/६ च्या ओळीतलं अक्षर ८.७ मिमी उंच असतं आणि ते ६ मीटरवरून वाचता आलं पाहिजे. खोली लहान असेल तर ३ मीटरवर आरसा लावून उलटा तक्ता वापरतात. एक डोळा तळहातानं झाकायचा, बोटांनी दाबायचा नाही. दाबलेला डोळा उघडल्यावर काही क्षण अंधुक दिसतो आणि वाचन चुकतं. डोळे बारीक करून वाचणं चालत नाही. कुणी तसं करत असेल तर समजा नंबर आहे.

रंगदृष्टी इशिहाराच्या ठिपक्यांच्या पानांवर बघतात. मोबाइलवरची चाचणी धरू नका, स्क्रीनचे रंग खरे नसतात. लाल-हिरव्याचा दोष जन्मजात असतो, आईकडून मुलाकडे येतो. औषध नाही, व्यायाम नाही. पानं पाठ करून जाणारे असतात, पण तपासणारा पानं उलटसुलट दाखवतो, कंदिलाचे रंगीत दिवेही दाखवू शकतो. ही चाचणी दहावीतच करा. दोष असला तरी करिअरच्या वाटा भरपूर आहेत, फक्त तीन वर्षं ग्राउंडवर घालवल्यानंतर कळू नये.

मलप्रभा_काठ
लेसर करून नंबर घालवला तर?

चष्मा_शहापूर
अधिकाऱ्यांच्या एंट्रीत वय २० च्या पुढं, ऑपरेशनला १२ महिने झालेले आणि बुबुळाची जाडी वगैरे ठरलेल्या मापात असेल तर विचार होतो. तो नियम अग्निवीर भरतीला लावून गृहीत धरू नका. ज्या पदाला अर्ज करणार त्याची जाहिरात वाचूनच पैसे खर्च करा.

आशा_ताई
पावसाळ्यात आमच्याकडे सर्वात जास्त दिसतं ते नायटा. पोरं भिजलेल्या चड्डीवर दौड मारतात आणि तीच अंगावर वाळवतात. मग मेडिकल दुकानातून पांढरी ट्यूब आणतात. त्यात बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरते आणि कडा पुसट होतात, मग डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. साधं बुरशीचं मलम चार-सहा आठवडे लावायचं, डाग गेला तरी दोन आठवडे पुढं चालू ठेवायचं. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात. घरात दुसऱ्या कुणाला असेल तर त्याचाही इलाज बरोबरीनं, नाहीतर फिरून येतो.

तिलकवाडीकर
आणि कान? मळ तर सगळ्यांनाच असतो की.

आशा_ताई
होय की. पण मळ असला की पडदा दिसत नाही, आणि पडदा दिसला नाही की तपासणी पुढं सरकत नाही. काडी, पिन, किल्ली घालू नका, मळ आणखी आत बसतो. मळ मऊ करणारे थेंब चार-पाच दिवस घालून कानाच्या डॉक्टरकडून काढून घ्या. पण कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर थेंबही नकोत आणि पाणीही नको, आधी दाखवायचं. विहिरीत, खाणीत पोहणाऱ्या पोरांच्या कानात बुरशी होते, त्यांनी भरतीच्या आधी दोन महिने तिकडे उडी मारू नये.

एएमसी_निवृत्त
ऐकण्याची चाचणी अशी: मुलगा पाठमोरा, एक कान बंद, तपासणारा सहा मीटरवरून जोरकस कुजबुजीत शब्द म्हणतो. प्रत्येक कान वेगळा. शिबिरात शाळेच्या व्हरांड्यात सहज घेता येते, फक्त स्पीकर बंद ठेवा.

टॅटूचं राहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचं गोंदण चालतं. दंडावर, छातीवर, मानेवर महाराजांचा टॅटू काढलेली पोरं दरवर्षी परत येतात. महाराजांवरचं प्रेम खरं आहे, पण जागा चुकली की नियम ऐकत नाही.

खेळाडू_बेकिनकेरे
सुया आणि पावडरीबद्दल कुणीच बोललं नाही. दौडीच्या आधी वेदनाशामक इंजेक्शन देतात. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्यावर जोर लावून धावलं की मूत्रपिंडावर ताण येतो, लघवी कोकसारखी झाली तर लगेच दवाखाना. स्टेरॉइडनं मुलांच्या छातीला स्तनासारखी गाठ येते, पाठीवर पुरळ येतं, बीपी वाढतं. तिन्ही मेडिकलला दिसतं. उत्तेजक पावडरनं नाडी चढते आणि तपासणीच्या टेबलावर बीपी १५० दाखवतं.

नडगीचं पण बघा. डांबरी रस्त्यावर रोज पळून नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. बोट ठेवून एकाच जागी कळ येत असेल, रात्री पण दुखत असेल तर दौड बंद आणि एक्स-रे. सुरुवातीच्या एक्स-रेत तडा दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी परत काढावा लागतो. आमच्याकडे लाल मातीचे रस्ते आहेत, तिथं पळा.

निपाणीकर
व्हेरिकोसील निघालं तर आधीच ऑपरेशन करून जावं का? भरतीच्या अकॅडमीवाले तसं सांगतात.

डॉ_खानापूर
सर्जनशी बोलून ठरवा, अकॅडमीच्या सांगण्यावरून नाही. ऑपरेशन करायचं ठरलं तर वेळ हातात ठेवा. हर्नियाचं उदाहरण घ्या: अधिकाऱ्यांच्या निकषांत ऑपरेशननंतर किमान २४ आठवडे झालेले हवेत आणि कागद दाखवावा लागतो. रॅलीच्या तोंडावर केलेलं ऑपरेशन म्हणजे ताजा व्रण घेऊन टेबलावर जाणं. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. ऑपरेशन लपवू नका, व्रण बोलतो. आणि "मेडिकल सेट करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

गृहिणी_कॅम्प
विषय थोडा बाजूला नेते. भरती झाल्यावर सेवेत असताना वार्षिक तपासणीत बीपी निघालं तर नोकरी जाते का? बायका एकमेकींत फार घाबरून बोलतात.

एएमसी_निवृत्त
वहिनी, जात नाही. सेवेत 'शेप' पद्धत आहे. एस म्हणजे मानसिक, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकंदर शारीरिक क्षमता, ई म्हणजे डोळे. प्रत्येकाला १ ते ५ श्रेणी. सगळीकडे १ असेल तर शेप-१, कुठंही पाठवता येतो. २ आणि ३ म्हणजे काही बंधनांसह कामाला योग्य, ४ तात्पुरता अयोग्य, ५ कायमचा.

बीपी निघालं की आधी तात्पुरती श्रेणी देतात, टी-२४ म्हणजे २४ आठवडे. मग परत बोर्ड. आटोक्यात राहिलं नाही तर कायमची लो मेडिकल कॅटेगरी, तिचा आढावा दर दोन वर्षांनी. बंधनं लिहून येतात, उदाहरणार्थ २७०० मीटरच्या वर पाठवू नये. त्या उंचीवर हवेत ऑक्सिजन कमी आणि चांगल्या माणसालाही सवय करावी लागते: २७०० ते ३६०० मीटरला ६ दिवस, पुढं ४५०० पर्यंत ४ दिवस, त्यावर आणखी ४. बीपीवाल्याला तिथं धोका वाढतो. बढतीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून जवान बीपी लपवतात. ते सर्वात घातक.

गृहिणी_कॅम्प
मोठा आधार मिळाला. आणि निवृत्तीच्या वेळी?

एएमसी_निवृत्त
रिलीज मेडिकल बोर्ड होतं. तिथं दोन गोष्टी ठरतात: आजार सेवेमुळं झाला किंवा वाढला का, आणि अपंगत्वाची टक्केवारी किती. २० टक्क्यांपासून पुढं डिसॅबिलिटी पेन्शनचा विचार होतो. २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान निरोगी होता असंच धरायचं. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झालेत, त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांनी ते वाचावेत. अग्निवीराला सेवेमुळं अपंगत्व आलं तर १००, ७५ आणि ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख एकरकमी आहेत.

इजा झाली की इंज्युरी रिपोर्ट भरून घ्यायचाच. फुटबॉल खेळताना गुडघा मोडला, "बघू नंतर" म्हणून राहिलं, दहा वर्षांनी कागद नाही. रजेवर गावी मोटरसायकलवरून पडलात तर लगेच युनिटला कळवा आणि जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला नोंद करा. ती इजा आपोआप सेवेशी जोडली जात नाही, पण नोंदच नसेल तर बोलायलाही जागा राहत नाही.

कॉलेजरोड
मुलींचं पण सांगा. मिलिटरी पोलिसात मुली घेतात ना?

आशा_ताई
घेतात, उंची १६२ सेंमी. मुलींचं हिमोग्लोबिन आधी बघा, आमच्या तपासणीत नऊ-दहा हमखास दिसतं. गोळ्या सुरू केल्या तरी साठा भरायला तीन महिने लागतात. चहासोबत लोहाची गोळी घेऊ नये, शोषली जात नाही. लिंबूपाण्यासोबत घ्यावी. आणि शिबिरात मुलींसाठी वेगळी खोली आणि बाईडॉक्टर हवीच, नाहीतर एक मुलगी येणार नाही.

कडोलीकर
सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नावर येतो. असं ठरवतोय: फॉर्म सुटायच्या सहा महिने आधी पहिलं शिबिर. शाळेत चार खोल्या. एकीत उंची, वजन, छाती, घोट्यांचं अंतर. दुसरीत डोळे. तिसरीत दात, कान. चौथी बंद खोली, सर्जन किंवा फॅमिली डॉक्टर. कागदावर फक्त आकडे, निकाल नाही. तीन महिन्यांनी दुसरं शिबिर, फक्त ज्यांचं काही निघालं त्यांच्यासाठी. काही राहिलं का?

डॉ_खानापूर
चौथ्या खोलीत एका वेळी एकच मुलगा, दार बंद, मित्र बाहेर. कागद त्याच्याच हातात द्या, मंडळाच्या वहीत उतरवू नका. गावात "ह्याला अमुक आहे" अशी चर्चा झाली तर पुढच्या वर्षी कुणी कपडे काढणार नाही. बीपी पहिल्या खोलीत नको, शेवटी घ्या, बसवून.

यल्लूर_ग्राउंड
पाऊल आणि चवड्याची चाचणी मी घेतो, सोबत दोन पोरं देतो. आणि कागदावर एक ओळ छापा: रॅलीत बाद झालास तर मिलिटरी हॉस्पिटलला रिव्ह्यूची (फेरतपासणीची) एक संधी मिळते, दिलेल्या कागदावरची तारीख बघ आणि त्या मुदतीतच जा. रागानं कागद फाडून घरी येणारे बघितलेत.

चष्मा_शहापूर
डोळ्यांची खोली पूर्वेकडची घेऊ नका, सकाळचं ऊन तक्त्यावर पडतं. सहा मीटर आधी टेपनं मोजून खडूनं रेघ मारा. इशिहाराचं पुस्तक मी आणतो, तारीख कळवा.